ओटा, तासाच्या भाड्यानं

"जेवण, तीन," आजोबा म्हणाले आणि हाताची घडी घालून खुर्चीला टेकले.

टेबलावर पाच ओळींत पंचवीस शब्द मांडलेले होते. वारी, तार, पान, घाट, जाळं, पाट, सूर, ढग, ताट, नळ, मान, असे. खेळाचं नाव 'कोडनेम्स'. व्लादा ख्वातिल या चेक माणसानं काढलेला हा खेळ २०१५ साली बाजारात आला. खेळाची रीत सोपी आहे. दोन गट पाडायचे. पंचवीसपैकी आपले शब्द कुठले हे फक्त गटाच्या म्होरक्याला ठाऊक. त्यानं एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं, बाकीच्यांनी त्यावरून शब्द ओळखायचे. पंचवीसातला एक शब्द मारेकरी. त्याला बोट लागलं की डाव तिथंच खलास.

'ताट' लगेच सापडलं. सून म्हणाली, "पान. वाढलेलं पान." तेही बरोबर. तिसऱ्यासाठी आठवीतला नातू बराच वेळ शब्दांवरून नजर फिरवत राहिला आणि 'नळ'वर बोट ठेवून मोकळा झाला. "जेवायच्या आधी हात धुतात ना!" आजोबांनी कपाळाला हात लावला. "अरे, पाट! पाट मांडत नाहीत का जेवायला?"

"पाट म्हणजे?"

पुढच्या डावाला म्होरक्या नातू झाला. त्यानं विचार करून सांगितलं, "इंटरनेट, दोन." आजोबांनी 'जाळं' उचललं, नातू खूश. मग आजोबांची नजर 'तार'वर येऊन थांबली. इंटरनेट तारेतूनच तर येतं घरात, तो मुलगा नाही का खांबावरून वायर टाकून गेला. तर्क बिनचूक होता. त्यांनी बोट ठेवलं आणि 'तार' नेमका मारेकरी निघाला.

"ढग, आजोबा, ढग! आपले सगळे फोटो ढगात असतात!"

"तरीच पावसाळ्यात सापडत नाहीत," आजोबा म्हणाले. अख्खं टेबल हसलं. पलीकडच्या टेबलावरच्या दोन अनोळखी मुलीही हसल्या.

नंतर जिन्यात सूनबाईंनी मला सांगितलं, "घरी या दोघांचं बोलणं तीन वाक्यांचं. जेवलास का, अभ्यास झाला का, पंखा बंद कर." त्या महिन्यातून एकदा दोघांना इथं घेऊन येतात. आजोबांचं पहिल्या खेपेला म्हणणं होतं, खेळायला पैसे देऊन कुठं जायचं असतं का. आता शनिवारी दुपारी चारलाच ते बूट घालून बसतात.

हे 'इथं' म्हणजे कोथरूडमधल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा बोर्ड गेम कॅफे. पूर्वी हा राहता फ्लॅट होता, हे न्हाणीघराच्या दाराशी आल्यावर कळतं. नऊ टेबलं, एका भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि त्यावर खोकी. तासाला माणशी दीडशे रुपये, खाणंपिणं वेगळं. पुण्या-मुंबईत, बंगळुरात अशा जागा आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. मी या लेखाच्या निमित्तानं तीन-चार ठिकाणी बसले, पण सगळ्यात जास्त वेळ इथंच, कारण इथं 'कोडनेम्स'चा मराठी संच आहे. मालकाच्या आईनं तो हातानं लिहिलाय. बाई शाळेत मराठी शिकवायच्या. एकाच शब्दाला तीन-तीन अर्थ असले पाहिजेत, हा त्यांचा दंडक. 'पाट' म्हणजे बसायचा, शेताला पाणी देणारा आणि दुसऱ्या लग्नाचा. तिसरा अर्थ सांगताना त्या आवाज बारीक करतात.

०००

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आमच्या मजल्यावर एकच कॅरम बोर्ड होता आणि तो कुणाचा हे नक्की कुणालाच माहीत नव्हतं. मे महिन्यात दुपारी जेवणं झाली की तो गॅलरीत यायचा आणि दिवेलागणीला आईच्या तिसऱ्या हाकेपर्यंत उठायचा नाही. बसणारे चार, सांगणारे चौदा. पावसाळ्यात बोर्ड दमट व्हायचा, स्ट्रायकर रखडायचा. मग वरून वायरीला बल्ब लोंबकळत सोडायचा आणि त्याच्या उबेत बोर्ड सुकवायचा. बोरिक पावडरीचा तो वास अजून नाकात आहे. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी. आमची राणी हरवलेली, तिच्या जागी कुणाच्या तरी झग्याचं लाल बटण. ते हलकं होतं, फटका बसला की उडून थेट खालच्या मजल्यावर जायचं. आणायला जाणाऱ्याची पाळी चुकायची नाही, एवढी माणुसकी होती.

मुलींना बोर्डावर जागा नव्हती. चौथा भिडू कमी पडला तरच हाक यायची, आणि ती मी दाराआड उभी राहून ऐकायची. अंगठ्यानं मारायचा फटका मी असा, उरलेल्या वेळात शिकले. हे मुद्दाम सांगते, कारण चाळ म्हटलं की गळा दाटून लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. चाळीच्या गॅलरीत कोण खेळणार आणि कोण चहा करणार, हे आधीच ठरलेलं असायचं.

तरी एक गोष्ट खरी. खेळायला बोलवावं लागत नसे. जागा होती, वेळ होता आणि माणसं आपोआप येऊन टेकायची. गावाकडे हेच ओट्यावर चालायचं. खडूनं पट आखला, चिंचोके मधोमध फोडले की कवड्यांचं काम भागलं. पावसाळी दिवसांत पत्ते निघत. लहानांचा भिकार-सावकार आणि गुलामचोर, त्यांच्यापेक्षा जरा मोठ्यांचा झब्बू, बदामसात, पाच-तीन-दोन, आणि काका मंडळी आली की मेंढीकोट. कुठला खेळ येतो यावरून मुलाचं वय सांगता यायचं. इमारतींचे पुनर्विकास झाले तशा गॅलऱ्या आणि ओटे गेले. नव्या मजल्यांवर लिफ्टसमोरची जागा असते, तिथं चपलांचा रॅक सुद्धा सोसायटीला खुपतो. मे महिन्याच्या दुपारी शिबिरांना गेल्या. कॅफेवाले तासाला दीडशे घेतात ते मला वाटतं या ओट्याचं भाडं आहे. खेळ म्हणाल तर फळीवरून उचलून घरीही नेता येतो.

०००

या कॅफेंची वंशावळ मजेशीर आहे. एकविसावं शतक उजाडताना दक्षिण कोरियात अशा कॅफेंची लाट आली आणि आली तशी बरीचशी ओसरली. मग २०१० साली टोरांटोच्या ब्लूर रस्त्यावर एका जोडप्यानं 'स्नेक्स अँड लाटेज' काढलं. इंग्रजी सापशिडीतली शिडी काढून तिथं कॉफी ठेवली. पाच डॉलर भरा, हवं तेवढं खेळा. वाय-फाय नाही. लोकांनी वेड्यात काढलं असेल, पण दाराबाहेर रांगा लागल्या. नंतर ऑक्सफर्ड, लंडन असं करत हे लोण पसरत गेलं.

त्या नावातले साप आपल्याकडचे आहेत, हे जाता जाता. मोक्षपट किंवा ज्ञानपट नावाचा पट आपल्याकडे खेळत. परंपरेनं त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना दिलं जातं, हाती असलेले जुने मराठी पट मात्र त्यांच्यानंतर कितीतरी शतकांचे आहेत. घरोघरी दुर्गुणांचे साप, सद्गुणांच्या शिड्या, वरच्या टोकाला मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पट इंग्लंडात गेला, तिथं मोक्ष गळाला आणि नुसता शंभर आकडा उरला.

पण फळीवरच्या खोक्यांचं खरं माहेर जर्मनी. तिथं रविवारी दुकानं बंद असतात आणि कुटुंबानं टेबलाभोवती खेळत बसायची जुनी सवय. १९७९ पासून खेळांचे समीक्षक तिथं 'वर्षाचा खेळ' म्हणून एक पुरस्कार देतात. आपल्याकडे पुस्तकाला मिळतो तसा. एसेन शहरात १९८३ पासून दर शरदात जत्रा भरते, आता तिला दोन लाखांच्या घरात माणूस येतं. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी प्रदर्शनात काही खेळकर्त्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या. खोक्यावर आमचं नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. म्हणून आज 'कटान' म्हटलं की क्लाऊस टॉयबर हे नाव येतं. हा गृहस्थ डार्मस्टाटजवळ दातांच्या कवळ्या बनवण्याचा व्यवसाय करायचा आणि रात्री तळघरात खेळ रचायचा. १९९५ साली 'कटान' आला आणि पुढे त्यानं कवळ्या सोडल्या.

या जर्मन खेळांनी एक मोठी गोष्ट केली. खेळणाऱ्याला मध्येच बाद करायचं त्यांनी टाळलं. आपल्या लहानपणचा 'व्यापार' आठवा. तासाभरात एक जण हॉटेलं बांधत सुटायचा, दोघं दिवाळखोर होऊन पाणी प्यायला उठायचे आणि चौथा पट उधळायचा. आमच्याकडे त्यावरून दोन भाऊ आठवडाभर बोलत नव्हते. गंमत म्हणजे हा 'व्यापार' ज्याच्यावरून आला त्या 'मोनोपॉली'चा मूळ आराखडा एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंचा. १९०४ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं ते जमीनदारी माणसाचं काय करते हे दाखवण्यासाठी. १९३५ पासून पार्कर ब्रदर्सनं तो दुसऱ्याच्या नावावर खपवला आणि बाईंना दिले पाचशे डॉलर. खेळात जे शिकवायचं होतं ते त्यांच्यावरच गुदरलं.

०००

कॅफेत पाऊल ठेवल्यावर पहिलं माणूस भेटतं ते खेळ शिकवणारं. इथं पंचविशीतली एक मुलगी आहे, सगळे तिला 'गुरू' म्हणतात. ती तीन प्रश्न विचारते. किती जण, किती वेळ, आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, "भांडायला आवडतं का?" उत्तर ऐकता ऐकता ती माणसं बघत असते. नवीन लग्न झालेलं जोडपं आणि बरोबर सासूबाई असतील तर एकमेकांची घरं पाडायचा खेळ ती काढत नाही. 'पँडेमिक' काढते. त्यात सगळे मिळून रोगाच्या साथीशी लढतात, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मुलांना एकदम लांब नियम सांगितले की ती गळतात, म्हणून ती आधी पहिली चाल खेळायला लावते आणि अडलं की पुढचा नियम सांगते. "नियम पाच मिनिटांत नाही सांगता आले तर मी हरले," असं तिचं म्हणणं. खोक्यातली नियमांची पुस्तिका ती कुणाच्या हाती पडू देत नाही. घराघरांत खेळ आणून पडून राहतात ते त्या पुस्तिकेपायी, हे तिचं निदान मला अगदी पटलं. आमच्याकडे हे काम थोरल्या आत्याकडे होतं. फरक इतकाच की आत्या हरायला लागली की नियम बदलायचे.

रात्री अकराला दार लावल्यावर तिचं दुसरं काम सुरू होतं. एकेक खोकं उघडून मोजदाद. लाकडी घरं, फासे, चकत्या, सगळं छोट्या पिशव्यांत. एक मेंढी कमी निघाली तर टेबलाखाली बॅटरी घेऊन शोध. पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं घातलेली, तरी तेलकट बोटांचं भय असतंच. म्हणून इथं बटाट्याच्या काचऱ्या टूथपिक लावून देतात आणि कोल्ड कॉफीच्या ग्लासला खुर्चीशेजारी वेगळं स्टूल. मिसळ ठेवा म्हणून गिऱ्हाईकं मागे लागतात. मालक हात जोडतो.

कॅरम मात्र इथं नाही. मी विचारलं. "आवाज, ताई. एक टेबल कॅरमचं लावलं की बाकीची आठ उठतील. आणि पावडर." बुद्धिबळाचा पट आहे, पण त्यावर धूळ असते. दोघांनी गप्प बसण्यासाठी इथं कोण पैसे देणार?

०००

गडबड ऐकायची तर 'कटान'च्या टेबलाशी जावं. पटावर एकोणीस षटकोनी तुकडे असतात. कॅरमच्या सोंगट्याही एकोणीसच, हा आपला योगायोग. फासे पडतील तशी लाकूड, विटा, गहू, खनिज, मेंढ्या यांची पानं हातात येतात आणि नको ते देऊन हवं ते मिळवायचं. दोन फाशांची बेरीज सात आली की लुटारू उठतो, आणि छत्तीसपैकी सहा वेळा ती येतेच. त्या दिवशी एका टेबलावर नणंद-भावजय समोरासमोर होत्या.

"दोन मेंढ्या घे, एक वीट दे."

"मेंढ्यांना कुत्रं विचारत नाहीये. तीन दे."

"मागच्या फेरीला तुला गहू दिला तो विसरलीस."

"तू दिलेलं मोजतेसच. मी दिलेला स्टीलचा डबा दोन दिवाळ्या झाल्या, अजून आलेला नाही."

टेबलावर क्षणभर शांतता. मग भावजय म्हणाली, "डबा उद्या पाठवते, वीट आत्ता दे." वीट मिळाली. डब्याचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही, पण घरी हा विषय काढला असता तर तो डब्यावर थांबला नसता. पटावर बसलं की माणसं खोटं बोलायला, अडवायला, लुटायला मोकळी असतात आणि त्या आडोशानं एखादी खरी गोष्टही बोलून जातात. मुंबईत तयार झालेला 'शासन' नावाचा खेळ याच आडोशावर उभा आहे. झैन मेमन यांनी रचलेल्या या खेळाला २०१९ साली लोकवर्गणीतून भांडवल मिळालं. प्रत्येक जण पुढारी, प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि त्यावरून पैसा, दबदबा, माध्यमं, विश्वास असं काहीतरी पदरात पडतं. घरी राजकारण काढायचं नाही अशी ज्यांच्यात बोली आहे, ते मामा-भाचे मी इथं दोन तास त्यावर खेळताना पाहिले.

बुधवारी संध्याकाळी 'मोकळं टेबल' असतं. एकट्यानं यायचं, जिथं जागा असेल तिथं बसायचं. येणारी बहुतेक पोरं बाहेरगावची, हिंजवडीत नोकरी, पेइंग गेस्ट म्हणून राहणारी. त्यांचा आवडता खेळ 'माफिया', मॉस्को विद्यापीठात १९८६ च्या सुमारास दिमित्री दाविदोव्ह यानं काढलेला. आपल्या राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्यांचा मोठा भाऊ म्हणा. लातूरहून आलेला एक मुलगा भेटला. म्हणाला, "सहा महिने पुण्यात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. ऑफिसात सगळे चॅटवर. इथं पहिल्याच बुधवारी दहा जण माझ्याकडे बोट करून ओरडले, हाच चोर आहे." तो चोर नव्हता. पुढच्या बुधवारी मात्र होता आणि कुणालाही पत्ता लागला नाही, हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

०००

सगळंच काही गोड नाही. चौघांचं कुटुंब तीन तास बसलं तर खेळाचेच अठराशे रुपये होतात. तेवढ्यात ठीकठाक कॅरम बोर्ड घरी येतो. ज्यांना ओट्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांना हे भाडं परवडणारं नाही. वस्त्यांमधल्या मंडळांच्या पत्र्याच्या शेडमध्ये अजून कॅरम चालतो, बल्बसकट. महाराष्ट्रानं देशाला दिलेले कॅरमपटू असल्याच बोर्डांवर घडले, आणि तिथल्या पोरांना या कॅफेचं नावही माहीत नसतं. खोकी बहुतेक इंग्रजी. मराठी 'कोडनेम्स'साठी एका शिक्षिकेला वयाच्या सातव्या दशकात हातात पेन घ्यावं लागतं, यातच काय ते आलं.

शिवाय टेबलाभोवती बसवलं की माणसं जवळ येतातच असं नाही. एका कार्यालयानं आम्हाला एकदा 'टीम बिल्डिंग'साठी अशा कॅफेत नेलं होतं. साहेब आमच्याच टेबलावर. दोन तास आम्ही सगळे अत्यंत कौशल्यानं हरत राहिलो. परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. आणि फोन! भिंतीवर 'पैसे लावून खेळू नये' अशी पाटी आहे, १८८७ च्या जुगारबंदी कायद्याचं भय म्हणून. फोनविषयी पाटी नाही. मालक म्हणाला, लावायची गरज पडत नाही, आपली पाळी चुकली की भिडूच ओरडतात.

दिवाळीच्या अंकात हे लिहिण्याला एक निमित्त आहे. पाडवा, म्हणजे बलिप्रतिपदा, हिचं जुनं नाव द्यूतप्रतिपदा. शंकर-पार्वती त्या दिवशी फासे खेळले अशी कथा आहे आणि पार्वती जिंकली. वेरुळच्या एकविसाव्या लेण्यात तो डाव दगडात कोरलेला आहे, एकोणतिसाव्यातही आहे. एकविसाव्यातला जरूर बघा. वर दोघांचा डाव रंगलाय आणि खाली शिवगणांनी बिचाऱ्या नंदीला पार सतावून सोडलंय. बसणारे दोन आणि बाकीच्यांचा धुडगूस! गॅलरीत उभे राहणारे चौदा जण मला तिथं भेटले.

गेल्या महिन्यात मी माळ्यावरून आमचा कॅरम बोर्ड काढला. एका कोपऱ्याची जाळी फाटलीय, सोंगट्या अठरा भरल्या, राणी नाहीच. बटण लावलंय, या वेळी जरा जड. पाडव्याला दुपारी तीनला बोर्ड मांडणार आहे. शेजारच्या वहिनी, त्यांची नववीतली मुलगी आणि मी, असे तीन भिडू ठरलेत. चौथा अजून मिळायचाय.